‘औषध बनावट आहे’ या तक्रारीला आमचं उत्तर

दादा, नमस्कार.

तुम्ही एक तारा देऊन लिहिलंत, की टोमॅटोवरच्या पांढऱ्या माशीसाठी आमच्याकडून नेलेलं औषध बनावट निघालं. तीन फवारण्या झाल्या, शेवटची तर दुप्पट मात्रेची, तरी झाड हलवलं की माशीचा धुरळा उठतो. गेल्या हंगामात याच औषधाने दोन दिवसांत प्लॉट साफ झाला होता. पैसा आणि पीक दोन्ही हातचं जाताना दिसल्यावर राग येणारच.

तुमचं बिल काढून पाहिलं. बॅच नंबर आणि मुदत तपासली. औषध खरं आहे. पण बिल वाचताना आमची चूक सापडली. आधी इमिडाक्लोप्रिड, मग थायामेथोक्झाम, मग ॲसिटामिप्रिड. कंपन्या तीन, नावं तीन, पण तिन्ही ‘४ए’ या एकाच गटातली (औषध किडीला कसं मारतं त्यावरून हे गट पाडलेले असतात). किडीच्या मज्जासंस्थेत ती एकाच ठिकाणी मार करतात. तुम्ही ‘दुसरं काहीतरी द्या’ म्हणालात आणि आम्ही फक्त नाव बदलून दिलं. ही चूक आमची आहे.

‘माशीला औषधाची सवय लागली’ असंही तुम्ही लिहिलंय. जवळजवळ सगळेच असं म्हणतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. एखाद्या माशीला सवय लागत नाही. ती मरते किंवा वाचते. लाखो माशांमध्ये काहींच्या जनुकांत जन्मतःच थोडा फरक असतो, औषध येण्याच्या आधीपासून. पांढऱ्या माशीच्या बाबतीत हा फरक बहुधा पी-४५० नावाच्या एन्झाइमचा असतो. ते सगळ्याच माशांत असतं, पण काहींत फार जास्त तयार होतं आणि औषध मज्जातंतूपर्यंत पोचायच्या आत त्याचे तुकडे करून टाकतं. पहिल्या फवारणीत बाकीच्या मरतात, या राहतात. पुढची पिढी त्यांचीच. उबदार हवेत साधारण तीन आठवड्यांत एक पिढी होते आणि एक मादी शे-दोनशे अंडी सहज घालते, म्हणजे एका हंगामात काय होतं ते तुम्हीच बघा. त्यातही या किडीचा नर फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतो. त्याच्याकडे प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते. मादीत दुसऱ्या साध्या प्रतीमागे जे गुण झाकले जाऊ शकतात, ते नरात उघडे पडतात. सहन करणारं जनुक असलेला नर जगतो, नसलेला मरतो. निवड झपाट्याने होते.

दुप्पट मात्रेबद्दल स्पष्ट बोलतो, कारण हा सल्ला आमच्या काउंटरवरूनही कधीकधी गेला असेल. त्याने थोड्याफार सहनशील माशा मरतात आणि सर्वांत चिवट तेवढ्या मागे राहतात. शिवाय माशीच्या पिल्लांत अंडी घालणारी बारीक गांधीलमाशी मरते, ढालकिडे मरतात. म्हणजे फुकट काम करणारी माणसं आपणच घालवतो.

भेसळ नसतानाही हे घडतं, आणि आजचं नाही. सॅन होजे खवले किडीला गंधक-चुन्याचं द्रावण लागेनासं झाल्याचं अमेरिकेत मेलँडर या कीटकशास्त्रज्ञाने १९१४ सालीच नोंदवलं होतं. डीडीटीचा कीटकनाशक गुण १९३९ मध्ये समजला आणि दहा वर्षं व्हायच्या आत घरमाश्या त्याला दाद देईनाशा झाल्या. तिथे कारण वेगळं होतं. काही माश्यांत डीडीटी मज्जातंतूतल्या ज्या सोडियम वाहिनीवर, म्हणजे सोडियम आत येण्याच्या दारावर, काम करतं तीच जरा बदललेली होती. किल्ली तीच, कुलूप बदललेलं. नंतर आलेली पायरेथ्रॉइड औषधंही त्याच कुलपाला लागतात, त्यामुळे त्या माश्यांवर तीही कमी पडली. एका औषधाने घडवलेला प्रतिकार दुसऱ्यालाही लागू पडतो तो असा. तुमच्या तीन बाटल्यांचंही तेच झालं असावं.

आता पुढचं. या हंगामात ४ए गटातलं काहीही फवारू नका, कुणीही दिलं तरी. पिल्लांवर चालणारं वेगळ्या गटाचं औषध घेऊ, स्पायरोमेसिफेन (गट २३) किंवा पायरीप्रॉक्सिफेन (गट ७सी), ज्याच्या लेबलवर तुमचं पीक आणि ही कीड असेल ते, आणि लेबलवरच्याच मात्रेत. एक सांगून ठेवतो, यांनी उडणारी माशी लगेच पडत नाही. अंडी आणि पिल्लं थांबतात, त्यामुळे फरक दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. पुढच्या पिढीला पुन्हा गट बदलायचा. फवारा पानाच्या खालून बसला पाहिजे, पिल्लं तिथेच चिकटलेली असतात.

तिसऱ्या बाटलीचे पैसे आम्ही परत देतो, ती आम्ही द्यायलाच नको होती. आजपासून बिलावर औषधाच्या नावाशेजारी गट क्रमांक लिहायला सुरुवात केली आहे. येताना झाडाच्या खालच्या बाजूची चार-पाच पानं पिशवीत घालून आणा. पिल्लं किती आणि केवढी आहेत ते भिंगाखाली तुमच्यासमोर बघू, मगच कपाटातून बाटली काढू.