वेंगुर्ल्याच्या काकींना : इन्सुलिन आणि आठव्या महिन्यातलं बाळंतपण

काकी, तुम्ही लिहिलंत, "सुनेला इन्सुलिन सुरू केलं आणि आठव्यातच बाळ झालं. आमच्या सासवांनी पेज पिऊन आठ-आठ पोरं वाढवली, तुम्ही बायकांना सुयांच्या नादी लावता." नातू अजून काचेच्या पेटीत आहे, हेही लिहिलंत. तुमचा राग मला कळतो. माझी थोरली तेहतिसाव्या आठवड्यात झाली, आणि तेव्हा मला इन्सुलिनची एकही सुई टोचलेली नव्हती.

ज्या दवाखान्यात नाव घातलं होतं, तिथे फक्त उपाशीपोटीची साखर बघितली. ती ठीक निघाली, विषय संपला. ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतात, ती तपासणी झालीच नाही. सातव्यात पोट नवव्यासारखं दिसायचं. शेजारणी म्हणायच्या, मुलगा आहे. ते पाणी होतं. आईची जादा साखर वारेतून बाळाकडे जाते, बाळ जास्त लघवी करतं, गर्भजल वाढतं, पिशवी ताणते आणि कळा वेळेआधी येऊ शकतात.

इन्सुलिन मात्र वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही. साखरेवरची मेटफॉर्मिनची गोळी जाते. २००८ साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या, गरोदरपणात साखर वाढलेल्या ७५१ बायकांचा अभ्यास छापून आला, काहींना इन्सुलिन, काहींना ही गोळी. ३७ आठवड्यांआधी बाळंत झालेल्या इन्सुलिनच्या गटात शंभरात साधारण आठ, गोळीच्या गटात बारा. गोळी वाईट असं यातून निघत नाही, बाळांचे एकूण त्रास दोन्हीकडे सारखेच होते. पण सुईने बाळ लवकर होतं, हे तर मुळीच निघत नाही.

पथ्य आधी, हे मलाही मान्य. सरकारी नियमातही आधी दोन आठवडे आहार आणि चालणं, मग औषध. धाकट्याच्या वेळी ऐन वैशाखात पडवीत हापूसच्या पेट्या भरत होते, मी एका फोडीला हात लावला नाही. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, बांगडा. तरी जेवणानंतर दोन तासांची साखर १५० च्या खाली येईना, हवी होती १२० च्या आत. मग इन्सुलिन घेतलं. तो अडतिसाव्या आठवड्यात झाला.

एका गोष्टीत तुमचं बरोबर आहे. "कळा आल्यावर चार सुया दिल्या आणि साखर उलट भडकली," म्हणता ना? त्या बहुतेक डेक्सामेथासोनच्या असणार, बारा-बारा तासांनी चार, बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून. त्यांनी आईची साखर काही दिवस चढते, तेवढ्यापुरतं इन्सुलिन वाढवावं लागतं. तरी त्या टाळायच्या नसतात, बाळाच्या श्वासाला त्यांचाच आधार असतो. पण हे कुणीतरी तुमच्याजवळ खाटेशी बसून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, ती चूकच.

नातू घरी आला की कळवा. आणि सहा आठवड्यांनी सुनेची ग्लुकोजच्या पाण्याची तपासणी पुन्हा करून घ्या, बारशाच्या गडबडीत ती राहून जाते. तिला साखर पुढे कायमची लागू शकते.