खांद्यावरून पलीकडे बघण्याची कला, अर्थात नेटवर्किंग

गेल्या बुधवारी बीकेसीतल्या एका चकचकीत हॉटेलात लघुउद्योजकांचा मेळावा होता. फी 2,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 2,360 रुपये, त्यात चहा, जेवण आणि 'अमर्याद संधी'. मी डोंबिवलीहून गेलो. कुर्ल्याला उतरून रिक्षासाठी काय काय केलं ते सांगत बसत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. पोचलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला आणि गळ्यात जे कार्ड अडकवलं त्यावर माझ्या कंपनीचं नाव चुकलेलं. पण रिकाम्या हाताने परत आलो असं समजू नका. मोठी माणसं कशी वागतात ते तीन तास उभ्या उभ्या बघून घेतलं आणि ते ज्ञान आता तुम्हाला फुकट देतोय. पैसे मी भरलेत, तुम्ही आरामात वाचा.

सगळ्यात आधी नजर. समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायचं वगैरे शाळेत शिकवलेलं विसरा. आधी त्याच्या पोटावर लोंबणारं कार्ड वाचा, मग हुद्दा, मग वेळ उरला तर चेहरा. हुद्द्यात 'फाउंडर' किंवा 'हेड' नसेल तर लगेच त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागा, तोंडाने 'वा वा, छान' चालू ठेवा, डोळे दाराकडे. जमतं सवयीने. लोकलमध्ये उभं राहून कोण कुठल्या स्टेशनला उठणार हे आपण बघतो ना, तीच नजर, फक्त सूट घालून.

हात मिळवताना समोरच्याला तुमची अंगठी रुतली पाहिजे.

आपण काय करतो हे मात्र कधीही सरळ सांगू नका. मी मूर्खासारखा सगळ्यांना 'पुठ्ठ्याचे खोके बनवतो' असं सांगत फिरत होतो. (नाही, ते वाले खोके नाहीत, आणि हा विनोद 2022 पासून रोज ऐकतोय, बस करा आता.) एकजण भेटला, म्हणाला मी 'इकोसिस्टीम एनेबलर' आहे. दहा मिनिटं खोदून विचारलं तेव्हा कळलं की ऑफिसं भाड्याने लावून देतो. अरे मग एजंट म्हण की! चांगला धंदा आहे, लाज कसली?

इंग्रजीतच बोला, हे सांगायलाच नको. समोरचा दादरचा, तुम्ही डोंबिवलीचे, दोघांचीही दमछाक होऊ द्या, आणि बुफेपाशी त्याच्या तोंडून 'अहो, साधा भात कुठेय' निघालं की दोघांनी मिळून ओशाळायचं.

कार्ड मागणारा आता म्हातारा. फोन काढून कोड स्कॅन करायचा. हा क्यूआर कोड 1994 साली जपानमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला काढला होता, आपण त्याने माणसांची ठेवतो. संध्याकाळपर्यंत माझ्या फोनमध्ये 41 नवीन नग जमा झाले, त्यातला एकही मला आज रस्त्यात ओळखणार नाही, पण गुड मॉर्निंगचे मेसेज मात्र न चुकता सात वाजता.

आता ऐकणे. हा फार महत्त्वाचा भाग, इथे मला खास प्रशिक्षण मिळालं. चहाच्या वेळी एक साहेब आले, एका मोठ्या कंपनीत खरेदी बघतात, स्वतःहून आले बरं का, मी गेलो नव्हतो. कार्ड वाचलं, म्हणाले "कार्टन्स? इंटरेस्टिंग. सांगा ना." आता माझ्यासारख्याला कोणी 'सांगा ना' म्हटलं की मी सांगतो. बॅगेतून सॅम्पल काढलं, तळहाताएवढा तुकडा, पाच प्लायचा, कडेने दाखवलं की बघा हे तीन सपाट थर आणि मध्ये हे दोन लाटांचे, खोक्यावर खोका रचला तरी खालचा दबत नाही तो या लाटांमुळे. साहेबांनी तुकडा हातात घेतला. मला वाटलं दाबून बघतायत. मी जीएसटीवर आलो, की 22 सप्टेंबर 2025 पासून खोक्यावर 5 टक्के झाला पण आम्ही जो क्राफ्ट पेपर घेतो त्यावर 18, म्हणजे आमचा पैसा रिफंडात अडकून पडतो, त्यामुळे आमच्यासारख्या छोट्या माणसाचं वर्किंग कॅपिटल... आणि मी बघितलं तर साहेबांनी तोंडातली पनीर टिक्क्याची काडी काढून माझ्या सॅम्पलवर ठेवली होती. हिरवी चटणी कागदात उतरत होती, लाटांच्या आत, हळूहळू, मी बघत होतो. साहेब माझ्या खांद्यावरून कोणाला तरी हात करत होते. "वन सेकंड हं" म्हणाले, तुकडा काडीसकट उंच टेबलावर ठेवला आणि गेले.

मी वीस मिनिटं तिथेच थांबलो. एक सेकंद म्हणाले होते म्हणून. हसा.

तेवढ्यात स्टेजवर ओळखींचं महत्त्व सांगत होते. पडद्यावर अमेरिकेतल्या मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाचा 1973 सालचा अभ्यास, की ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी जेमतेम 17 टक्क्यांना तिची खबर नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून लागली होती, बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. म्हणून अनोळखी लोकांना भेटा, टाळ्या. अहो पण त्याने जुजबी ओळख म्हटलंय, जुजबी का होईना, ओळख! माझं पहिलं मोठं गिऱ्हाईक मला सकाळच्या लोकलमध्ये मिळालं. चौथ्या सीटवर. दोन महिने मी त्या माणसाला 'जरा सरका'च्या पलीकडे काही बोललो नव्हतो. एक दिवस माझ्या हातातल्या पुठ्ठ्याच्या तुकड्याकडे बघून त्याने विचारलं हे काय, आणि मग ठाण्यापासून घाटकोपरपर्यंत ऐकलं. नुसतं ऐकलं. गर्दीत त्यालाही जायला जागा नव्हती म्हणा. पण पुढच्या आठवड्यात त्याच्या शेठचा फोन आला. ना स्कॅन, ना 2,360.

असो, टीप क्रमांक सहा की सात, फॉलोअप. माझ्या साहेबांनी तो शनिवारी केला. मेसेज आला, "ग्रेट कनेक्टिंग! आम्ही ठाण्यात घर शिफ्ट करतोय, तीसेक कार्टन्स मिळतील का? कॉम्प्लिमेंटरी?" पुढे हात जोडलेला इमोजी.

हे वाचल्यावर माझं डोकं फिरलं, आता टिपा वगैरे गेल्या खड्ड्यात. तुम्ही कोण लागून गेलात हो? समोरचा माणूस दोन गाड्या बदलून, एक दिवसाचं काम बंद ठेवून येतो, कामगाराची हजेरी त्याला द्यावीच लागते, आणि तुम्हाला त्याचं एक वाक्य पूर्ण होईपर्यंत उभं राहवत नाही? नको असेल माल तर 'नको' म्हणा, आम्ही रोज ऐकतो, मरत नाही त्याने. 'सांगा ना' कशाला म्हणता? त्या हॉलमध्ये दोनशे माणसं होती आणि प्रत्येकजण आपल्यापेक्षा मोठ्या कोणाला तरी शोधत होता, मग ऐकत कोण होतं? वेटर?

साहेबांना मी 'नाही' लिहिलं. एवढंच. मराठीत.

पण त्याच दिवशी, साहेब यायच्या आधी, एक पोरगा माझ्याशी बोलत होता. बावीस-तेवीसचा असेल, पॉलिटेक्निक झालेला, खोक्यांवर छपाईचं छोटं मशीन टाकलंय म्हणत होता, नेमका कुठे ते आठवत नाही कारण मी ऐकतच नव्हतो, त्याच्या खांद्यावरून सूटवाले बघत होतो. साहेब दिसले तसा मीही त्याला "एक मिनिट हं" म्हणालो. त्याने घाईघाईत कार्ड दिलं होतं, ते मी मागच्या खिशात कोंबलं. काल शोधलं. पँट धुऊन वाळून घडी झालेली, खिशात कार्डाचा लगदा. कागदाच्या धंद्यातला माणूस मी, लगदा उलगडत नाही हे मला माहीत आहे, तरी पाच मिनिटं नखाने उलगडत बसलो होतो.