फोर्टनाइटबुवा, जरा दम घ्या की!

हे बुवा म्हणजे एक ऑनलाइन व्हिडिओ गेम. दुसऱ्या गेमचं काही गाजलं की यांनी ते आणलंच म्हणून समजा. २०१७ साली पबजी गाजला, त्याच सप्टेंबरात यांचं बॅटल रॉयल (शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला!) हजर. बरं, त्यात भिंती-जिने बांधायची गंमत यांची स्वतःची होती, म्हणून ते माफ. पण २०२१चा ‘इम्पोस्टर्स’? सरळसरळ ‘अमंग अस’, तोच तो आपल्यातला लपलेला तोतया शोधायचा खेळ! ज्या छोट्याशा टीमने मूळ खेळ बनवला, ती जाहीरपणे चिडली, तेव्हा कुठे दोनेक महिन्यांनी ‘प्रेरणा’ कबूल केली. वा रे प्रेरणा!

मग रोब्लॉक्ससारखं लोकांनाच खेळ बनवायला बसवलं. डिसेंबर २०२३मध्ये ठोकळे रचायच्या माइनक्राफ्टच्या वळणाचा लेगो, शिवाय गाड्यांची शर्यत आणि गिटार बडवणं. वर्षभराने काउंटर-स्ट्राइकछाप गोळीबाराचा ‘बॅलिस्टिक’.

माटुंग्याच्या उडप्याकडे इडली खायला जावं आणि मेनूकार्डात शेजवान, पनीर, पिझ्झा उलटत इडली शोधत बसावं, तसं झालंय सगळं. भाचा म्हणतो, “मामा, तुला नाही कळणार, हा गेम नाहीये, प्लॅटफॉर्म आहे.”

अरे, प्लॅटफॉर्म दादरलाही आहेत. निदान तिथे कुठली गाडी कुठे लागणार याची अनाउन्समेंट तरी होते!