रेडिओवरच्या आवाजासाठी रीतसर कसं हळहळावं

आधी आपण कोणत्या निवेदकासाठी हळहळणार आहोत ते ठरवून घ्या. हे वय बघून करावं. सत्तरी ओलांडली असेल तर अमीन सयानी आणि कोलंबोहून लागणारं रेडिओ सिलोन. पन्नाशी-साठीत असाल तर विविध भारती. चाळिशीत असाल तर तुमच्या वाट्याला एफएमवाले आरजे येतात आणि जरा पंचाईत होते, कारण ते बरेचसे धडधाकट आहेत आणि मोबाइलवर टू बीएचके विकताना दिसतात. धडधाकट माणसासाठी गहिवरणं अवघड, पण सरावाने जमतं.

निवेदक ठरला की पहिलं पथ्य पाळायचं ते हे, की रेडिओ लावायचा नाही. हे कटाक्षाने पाळा. 3 ऑक्टोबर 1957 ला सुरू झालेली विविध भारती आजही चालू आहे आणि मोबाइलवर फुकट ऐकता येते. चुकून बटण दाबलं गेलं, रात्री दहाचं छायागीत लागलं आणि कोणीतरी अतिशय नेटक्या भाषेत, आवाज न चढवता, दोन गाण्यांच्या मधे चार चांगली वाक्यं बोलून गेलं, तर ‘आता तसे आवाज राहिले नाहीत’ हा तुमचा आख्खा परिच्छेद वाया जाईल. लोकांना पाठवायला काहीतरी लागतं. घाई करू नका.

आठवणी सांगताना सगळं एकत्र कालवायचं. सिलोन, विविध भारती, मुंबई ‘ब’, सगळं एका दमात. श्रुतिकेतले टेकाडे भाऊजी आणि मीनावहिनी आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर होते, सयानींची गीतमाला, म्हणजे गाण्यांच्या क्रमवारीचा कार्यक्रम, टूथपेस्टच्या पैशावर चालायची आणि सकाळी आठाच्या आधीचं सैगलचं गाणं थेट कोलंबोहून यायचं, असल्या तपशिलात शिरलात की ऐकणाऱ्याचा गळा दाटत नाही. ‘काय ते दिवस!’ म्हणावं आणि चहाचा घोट घ्यावा.

शॉर्टवेव्हची खरखर मात्र विसरायची नाही, ती पुराव्यादाखल लागते. बुधवारी रात्री आठला गीतमाला लागायची. आवाज जवळ यायचा, लांब जायचा आणि नेमकं ‘इस पायदान पर’ म्हटल्यावर आटायचा. मग घरातल्या सर्वांत लहान मेंबरने एरियलच्या तारेला हात लावून उभं राहायचं. हात लावला की आवाज सुधारायचा, नाक खाजवलं की जायचा आणि घरभर ओरडा पडायचा. तो लहान मेंबर आता आजोबा झाला आहे आणि ‘तेव्हा रेडिओ किती स्वच्छ ऐकू यायचा’ असं सांगतो. त्याला अडवू नका. त्याने खांदा दुखेपर्यंत कमावलेला हक्क आहे तो.

आता थोडी नाजूक बाब. आपल्या थोरामोठ्यांना हे सगळं त्या काळी आवडत होतं, असं धरून चालायचं. त्यांना ते आवडत नव्हतं, ही गोष्ट बाहेर जाता कामा नये. 1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. अस्सल पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर भोक्ते. सिनेमाची गाणी म्हणजे थिल्लरपणा, अशी त्यांची खात्री, आणि त्यांच्याच कारकिर्दीत ती आकाशवाणीवरून गेली. त्याच वर्षी डिसेंबरात सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. निवेदनासाठी आठवड्याला 25 रुपयांत कोणी जाणता माणूस मिळेना, म्हणून हे काम अमीन सयानी नावाच्या एका वीस वर्षांच्या पोराच्या गळ्यात पडलं, वर पत्रं फोडायचं कामही त्याच्याकडेच. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली. मुंबईत बोलायचं, टेप विमानाने कोलंबोला धाडायच्या आणि तिथून त्या भारताला ऐकवायच्या, असा तो द्राविडी प्राणायाम होता. तेव्हा घरोघरी काय चाललं होतं? अभ्यास सोडून कान लावून बसतात, पोरं बिघडली, बंद करा ते. 20 फेब्रुवारी 2024 ला सयानी गेले, तेव्हा त्याच बिघडलेल्या पोरांनी ‘एक सुसंस्कृत आवाज हरपला’ असं लिहिलं. पुढे 1 नोव्हेंबर 1967 ला मुंबई, पुणे, नागपूर इथे विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, तेव्हाही ‘बाजार मांडला’ म्हणून नाकं मुरडणारे होतेच. हे सगळं गाळावं.

त्या जाहिरातींबद्दल मात्र अभिमानाने बोलावं. ‘आम्हाला जाहिरातीसुद्धा पाठ होत्या!’ हे वाक्य मान किंचित वर करून म्हणायचं. दंतमंजनाची, टॉनिकची, डोकेदुखीच्या गोळीची, सगळ्या चालीवर म्हणून दाखवायच्या. नात मोबाइलवर काही बघत असली आणि मधे जाहिरात आली, तर पाच सेकंदांनी ती टाळायचं बटण तिच्या आधी तुमचंच बोट दाबतं, एवढं कोणाच्या लक्षात येऊ देऊ नका.

एफएमवाल्या पिढीला जास्त मेहनत आहे. 2002 साली मुंबईत खाजगी एफएम आलं तेव्हा तुम्ही रिक्षाच्या मागच्या सीटवर बसून म्हणायचात, ‘दादा, आवाज जरा कमी करा. काय बडबडतात हे सकाळी सकाळी!’ हे वाक्य स्मृतीतून काढून टाका. त्या जागी ‘त्यांच्यामुळे प्रवास सुसह्य व्हायचा’ हे टाका. त्या सुवर्णकाळात मुंबईतल्या खाजगी केंद्रांवर मराठी गाणं लागणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग होता. ते लावलं तर केंद्र ‘डाउनमार्केट’ वाटेल, असं उत्तर एका संगीतकाराला मिळालं होतं. त्या संगीतकाराने, म्हणजे कौशल इनामदारांनी, 2010 साली शेकडो गायक जमवून मराठीचं आख्खं अभिमानगीत उभं केलं. तुम्ही तेही मोबाइलची रिंगटोन म्हणून लावलंत आणि आज त्याच केंद्रांसाठी उसासे टाकता आहात. मन मोठं लागतं याला. तुमचं आहे.

‘आपल्या शहराचा आवाज’ हा शब्दप्रयोग जपून वापरा, कारण इथे (मला न शोभणारी) एक खरी खंत डोकावते. खाजगी एफएमला स्वतःची बातमी द्यायची परवानगी नाही, पण रस्ता कुठे तुंबलाय आणि पाणी कधी जाणार हे सांगता येतं. चांगला निवेदक एवढ्यावरच आख्खं शहर उभं करायचा. 2017 च्या पावसाळ्यात आरजे मलिष्काने खड्ड्यांवर गाणं म्हटलं, तर मुंबई महापालिकेची माणसं तिच्या घरी डासांच्या अळ्या तपासायला पोचली, आणि त्यांना त्या सापडल्याही! निवेदकाचं कुणी एवढं मनावर घ्यावं, हे भाग्यच म्हणायचं. पण 2011 च्या सरकारी एफएम धोरणाने कंपन्यांना आपल्या सगळ्या केंद्रांवर एकच कार्यक्रम वाजवायची मुभा दिली, आणि एका माणसाच्या पगारात पाच गावं भागू लागली. ते ओळखायची खूण सांगतो. असा निवेदक गावाचं नाव घेत नाही. ‘आपल्या शहरात आज वातावरण एकदम मस्त!’ म्हणतो आणि कोल्हापूरकर छत्री झटकत, सोलापूरकर घाम पुसत ते ऐकतो. तेव्हा तुम्ही केंद्राला एक ओळ लिहून कळवलंत का? नाही ना? उत्तम. निषेध वेळेवर नोंदवला असता तर आज हळहळायला जागाच उरली नसती.

आता पुढच्या पिढीचं बघा. तुमच्या मुलाच्या कानात सध्या दोन माणसं तीन-तीन तास गप्पा मारत असतात. त्याला पॉडकास्ट म्हणतात. ते कोण आहेत, काय बोलतात, हे विचारायच्या भानगडीत पडू नका. तुम्हाला आवडून गेलं तर पोराचं नुकसान आहे. सरळ जाऊन ‘काय ती सारखी बडबड, बंद कर ते’ असं खडसवा, म्हणजे 2050 साली त्याला गहिवरायला काहीतरी शिल्लक राहील. केसकरांनी तुमच्या वडिलांसाठी एवढं केलं, तुम्ही पोरासाठी इतकं करायला हरकत नाही. फक्त आधी त्याचे हेडफोन काढा, नाहीतर त्याला ऐकूच जायचं नाही आणि पुन्हा पहिल्यापासून ओरडावं लागेल.