8 सप्टेंबर : जत्रेच्या आधीचा सण

वांद्र्याच्या टेकडीवरच्या मोत माउलीची, म्हणजे माउंट मेरीची, जत्रा अख्ख्या मुंबईला ठाऊक आहे. ज्या सणामुळे ती भरते, त्याच्याकडे मात्र आपल्या कॅथलिक घरांचंही नीट लक्ष जात नाही, असं माझं ठाम मत आहे. सण पवित्र मरियेच्या जन्माचा, 8 सप्टेंबरचा. ही तारीख रविवारी आली तर जत्रा त्याच दिवशी सुरू होते, नाहीतर पुढच्या रविवारी. त्यामुळे बरेच जण जत्रेचा पहिला रविवार हाच सण धरून चालतात आणि खरा दिवस कामाच्या गडबडीत निघून जातो.

चर्चच्या दिनदर्शिकेत संतांचे सण बहुधा त्यांच्या मृत्युदिनी येतात. जन्म साजरा होतो तो तिघांचाच: 24 जूनला बाप्तिस्मा करणारा योहान, 25 डिसेंबरला येशू आणि 8 सप्टेंबरला मरिया. या तिसऱ्या जन्माच्या वेळी अजून काहीच घडलेलं नाही. येशूच्या जन्माचा निरोप घेऊन देवदूत आलेला नाही, येशूने पहिला चमत्कार केला ते काना गावचं लग्न तर फार दूर. परंपरा सांगते त्याप्रमाणे, मूलबाळ नसलेल्या उतारवयातल्या जोडप्याच्या घरी एक मुलगी झाली, एवढंच. मंगळुरी कॅथलिकांच्या घरी या दिवशी भाताच्या नव्या लोंब्या आशीर्वादित करून आणतात, त्यातले दाणे कुटून दुधात किंवा नारळाच्या रसात घालतात, पानात मांस-मासे नसतात आणि भाज्या विषम संख्येत असतात. पीक अजून घरात यायचंय, आभार आधीच मानून झाले. रोजच्या जगण्याला लागणारी आशा मला याच क्रमात दिसते.

भारतातलं कॅथलिक चर्च हाच दिवस बालिका दिन म्हणूनही पाळतं. तेव्हा टेकडीवरच्या दुकानातून माउलीला वाहायला मेणाचं बाळ घेऊन ‘मुलगाच होऊ दे’ म्हणणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे: एका मुलीच्या वाढदिवशी, तिच्याच दारात, हे मागू नका. बाळ मागा, ते सुखरूप येऊ दे म्हणा.

या दिवसाच्या शुभवर्तमानाबद्दल, म्हणजे येशूच्या चरित्रातून होणाऱ्या वाचनाबद्दलही बोललंच पाहिजे. मत्तयच्या पहिल्या अध्यायातली येशूची वंशावळ या दिवशीच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत वाचतात. ती गाळून फक्त 18 ते 23 ओव्या वाचायची मुभा आहे, आणि वेळ वाचवायला ती सर्रास वापरली जाते. माझ्या मते इथेच मोठं नुकसान होतं. त्या लांबलचक नावांमध्ये मरियेच्या आधी चार बायका येतात: हक्क नाकारलेली विधवा तामार, यरीहोची वेश्या राहाब, परक्या मवाब देशातली रूथ आणि जिचं नावही न घेता ‘उरीयाची बायको’ म्हटलंय ती. घराण्याचा इतिहास अडचणीचा असला तरी देवाचं काम अडलं नाही, हे ऐकायची गरज असलेली माणसं दर मिस्सेला बाकांवर बसलेली असतात. पूर्ण वाचनाला फार तर तीन-चार मिनिटं जादा लागतील. उपासनेची तयारी करणाऱ्यांनी फादरांना आधीच विचारून ठेवावं.

सणासाठी घरी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, करायची तर 30 ऑगस्टला सुरू करून 7 सप्टेंबरला संपवावी. वेळ ठरलेली ठेवा, रात्रीच्या जेवणाआधीची बरी. जपमाळेची पाच दशकं (दहा-दहा मण्यांचे पाच भाग) शांतपणे म्हटली तर वीसेक मिनिटं होतात. तेवढा वेळ नसेल तर एकच दशक म्हणा, पण घरातले सगळे बसा. मागणं एकच ठेवा आणि त्याच्यासोबत त्या दिवशी आपण करायचं एक काम ठरवा. आईच्या गुडघ्यासाठी मेणाचा पाय वाहणार असाल, तर नऊही दिवस तिच्याकडून डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करून घ्या. लोक चौथ्या-पाचव्या दिवशी सोडतात, कारण एक दिवस चुकला आणि ‘आता मोडली’ असं वाटलं. असा काही नियम नाही, दुसऱ्या दिवशी पुढे चालू करा. ‘नऊ जणांना पाठवा, नाहीतर वाईट होईल’ असले व्हॉट्सॲप मेसेज सरळ काढून टाका. श्रद्धेच्या नावाखाली भीती पसरते ती तिथूनच.

टेकडीवर मेणबत्त्या लावताना खेटून लावू नका. शेजारच्या ज्योतीच्या धगीने मेण मऊ पडतं, मेणबत्ती वाकते आणि दुसऱ्याचीही पाडते. जमलं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा. म्हाताऱ्या माणसांना रविवारी त्या गर्दीत नेऊच नये.

जत्रा उतरल्यावर पुढे काय, हा प्रश्न राहतोच. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारची नोव्हेना सुरू झाली ती 1948 साली, 8 सप्टेंबरलाच. तिथे मागण्यांची पत्रं वाचली जातात, तशी आभाराचीही. सलग नऊ बुधवार करणार असाल, तर आभाराचं पत्र पहिल्याच बुधवारी लिहा, मागितलेलं अजून मिळालेलं नसताना.