आधी मुलाशेजारची खुर्ची : लेखन-केंद्रांच्या विस्ताराविषयी आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यातील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मनापासून आभार. चार ओळींत उत्तर देऊन मोकळे होणे आपल्या मुद्द्यांवर अन्याय करणारे ठरले असते, म्हणून वेगळे आणि सविस्तर लिहीत आहे. सॅन फ्रान्सिस्कोत २००२ साली सुरू झालेल्या ‘८२६ व्हॅलेन्सिया’ या, स्वयंसेवक मुलांशेजारी बसून त्यांना लिहायला मदत करतात अशा लेखन-केंद्राचे पुढे अमेरिकेतील अनेक शहरांत जाळे झाले. या जाळ्याने नव्या शहरांत शाखा उघडण्याची घाई करू नये, जिथे स्थानिक माणसांनी आधीच काही उभे केले असेल तिथे आपले नाव आणि बळ द्यावे, असे मी त्या लेखात म्हटले होते. त्यावर आपले तीन आक्षेप आहेत. वीस वर्षांत जेमतेम दहाएक शहरे गाठणाऱ्या संस्थेच्या संथपणाला मी शहाणपण म्हणते, आणि तेवढ्याच काळात मुंबईच्या वस्त्यांतून निघालेली ‘प्रथम’ ही मुलांच्या शिक्षणासाठी काम करणारी संस्था देशभर पोहोचली याकडे दुर्लक्ष करते, हा पहिला. मुलांवर खर्च व्हायचा पैसा या केंद्रांच्या दर्शनी भागात थाटलेल्या, चाच्यांचे किंवा महानायकांचे सामान विकणाऱ्या सजवलेल्या दुकानांत जातो, हा दुसरा. सिॲटलचे केंद्र जाळ्यातून बाहेर पडले, म्हणजे या रचनेत एकत्र ठेवण्याची ताकदच नाही, हा तिसरा.

पहिल्या आक्षेपातील एक गोष्ट आधी दुरुस्त करते, कारण माझ्याच लेखातून ती चुकीची पोहोचली असावी. हे जाळे नेहमीच संथ नव्हते. २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात दुसरे केंद्र उघडले आणि २००५ या एका वर्षात लॉस एंजेलिस, सिॲटल, शिकागो आणि मिशिगनमधील ॲन आर्बर अशी चार केंद्रे उभी राहिली. २००७ मध्ये बॉस्टनची भर पडली. या सर्वांना बांधणारी ‘८२६ नॅशनल’ ही मध्यवर्ती संस्था मात्र २००८ मध्ये स्थापन झाली, म्हणजे केंद्रे आधी आली आणि कार्यालय नंतर आले. वॉशिंग्टनचे केंद्र २०१० मध्ये उघडले आणि त्यानंतर बरीच वर्षे नवे शहर जोडले गेले नाही. जी दोन पुढे जोडली गेली ती बाहेरून नेऊन वसवलेली नव्हती. न्यू ऑर्लिन्समध्ये पहिलीच्या एका वर्गातून सुरू झालेला ‘बिग क्लास’ नावाचा उपक्रम स्वतःच्या बळावर वाढलेला होता. मिनियापोलिसमध्ये समुद्रापासून शेकडो मैल दूर राहून स्वतःला ‘मिड-कॉन्टिनेंट ओशनोग्राफिक इन्स्टिट्यूट’ म्हणजे खंडाच्या मध्यावरची समुद्रविज्ञान संस्था म्हणवून घेणारी आणि मुलांना लिहिते करणारी मंडळी आधीपासून काम करत होती. या दोघांनी नंतर ८२६ हे नाव घेतले. मला जो मार्ग योग्य वाटतो तो हा आहे, आणि तो संथपणाचा मार्ग आहे असे मला वाटत नाही.

आता ‘प्रथम’विषयी. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मुंबईत उभे केलेले हे काम मला आपल्याइतकेच मोलाचे वाटते आणि त्याच्या वेगाचे मला कौतुक आहे. पण त्या वेगाचे कारण काय होते? बालवाडीसाठी इमारत बांधायची नाही, वस्तीतीलच एखादी खोली, देवळाचे आवार किंवा शिक्षिकेचे स्वतःचे घर वापरायचे आणि शिकवायला त्याच वस्तीतील शिकलेली मुलगी घ्यायची, हे त्याचे सूत्र होते. तेथे शिकवणारी व्यक्ती आधीपासून त्या गल्लीत राहत होती आणि आयांना नावाने ओळखत होती. त्यामुळे ‘प्रथम’च्या वाढीत मला आपल्या म्हणण्याला जितका आधार दिसतो, तितकाच माझ्या म्हणण्यालाही दिसतो.

वाचन आणि लेखन शिकवण्याच्या कामांतील फरक मात्र अधिक मूलभूत आहे आणि तो माझ्या लेखात पुरेसा स्पष्ट झाला नव्हता. मूल वाचू शकते की नाही, हे एका कागदावर तपासता येते. अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्या असलेले ‘असर’ या शैक्षणिक पाहणीचे साधन वापरून थोडेसे प्रशिक्षण घेतलेला तरुण काही मिनिटांत एका मुलाची पातळी सांगू शकतो. वाचनाचे काम मोठ्या प्रमाणावर पसरले, त्यात या साधेपणाचा वाटा फार मोठा आहे. मुलाने लिहिलेल्या पानाला असे मोजता येत नाही. ते पान कोणीतरी शेवटपर्यंत वाचावे लागते, ‘येथे तुझी आजी दार उघडते, पण दाराबाहेर कोण आहे ते तू सांगितलेच नाहीस’ असे त्या मुलाला म्हणावे लागते आणि त्याने पुन्हा लिहून आणल्यावर तेही वाचावे लागते. माध्यमिक शाळेतील एका शिक्षिकेकडे तीस मुलांचे पाच वर्ग असतील, तर दीडशे वह्या होतात. प्रत्येक मुलाला फक्त दहा मिनिटे द्यायची म्हटले, तरी एका निबंधामागे पंचवीस तास लागतात. हे पंचवीस तास तिने कोठून आणायचे? लेखन-केंद्राची कल्पना या एका प्रश्नातून निघालेली आहे. शहरात दिवसाचे दोन मोकळे तास असलेली आणि भाषेवर प्रेम असलेली माणसे आहेत, त्यांना शिक्षिकेच्या मदतीला आणून मुलाशेजारी बसवायचे, एवढीच ती आहे. म्हणूनच विस्तार मोजायचा असेल तर शहरे मोजून भागत नाही, शेजारी माणूस बसलेल्या खुर्च्या मोजाव्या लागतात.

ही माणसे पैसे देऊन एका शहरातून दुसऱ्या शहरात हलवता येत नाहीत. पहिल्या केंद्राचाच अनुभव पाहा. लेखक डेव्ह एगर्स आणि मित्रमंडळींनी सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन डिस्ट्रिक्ट या भागात जागा घेतली, टेबले मांडली, शिकवायला लोकही तयार होते, पण सुरुवातीला मुले जवळजवळ आलीच नाहीत. दुकानामागच्या खोलीत फुकट शिकवणी देणाऱ्या अनोळखी लोकांवर त्या भागातील पालकांनी का विश्वास ठेवावा? निनिव्हे कालेगारी यांनी सूत्रे हाती घेतल्यावर चित्र बदलले, कारण त्या स्वतः शिक्षिका होत्या आणि तेथील शिक्षक व पालकांशी त्यांचा परिचय होता. पहिल्याच केंद्राला, तेही संस्थापक रोज हजर असताना, विश्वास मिळवायला स्थानिक शिक्षिकेची गरज पडली. मग दुसऱ्या राज्यातील कार्यालयाने आराखडा पाठवून तो विश्वास निर्माण होईल, हे मला पटत नाही.

येथे माझा स्वतःचा एक अनुभव सांगते, कारण माझे मत त्यातून बनले आहे. आपण मला ‘बाहेरून पाहणारी’ म्हटलेत, म्हणूनही तो सांगणे आवश्यक वाटते. मी राहते त्या अमेरिकन शहरात ८२६ शी संबंध नसलेले एक छोटे लेखन-केंद्र होते आणि तेथे मी चार वर्षे दर मंगळवारी स्वयंसेविका म्हणून जात असे. तिसऱ्या वर्षी एका देणगीदाराने एका वर्षापुरता चांगला निधी दिला आणि अट घातली, की शहराच्या दुसऱ्या टोकाला नवी खोली उघडायची. आम्ही ती उत्साहाने उघडली. सप्टेंबरमध्ये प्रत्येक टेबलाशी एक मोठे माणूस होते, पण फेब्रुवारीपर्यंत त्यांतील निम्म्याहून अधिक जण येईनासे झाले, कारण दोन बस बदलून तेथे जावे लागे आणि त्या भागात राहणारे आमच्यात कोणीच नव्हते. कामाचे वेळापत्रक सांभाळणाऱ्या एकमेव पगारी मुलीवर दोन खोल्यांचा भार पडला आणि जुन्या खोलीतीलही काम विस्कळीत झाले. जूनमध्ये निधी संपला आणि नवी खोली बंद करावी लागली. अर्ध्यावर सोडलेल्या गोष्टींच्या वह्या एका खोक्यात भरून मी स्वतः शाळेच्या कार्यालयात नेऊन दिल्या. त्यांतील एका मुलीने आपल्या काकांच्या पावाच्या भट्टीवर लिहायला घेतले होते, आणि तिच्या गोष्टीत पहाटेचे तीन वाजले असताना भट्टी नुकतीच तापत होती. त्या मुलीला पुढचे पान लिहायला कोणी विचारले असेल का, हे मला आजही माहीत नाही.

या अनुभवामुळे माझ्या लेखातील सूचना काहीशा कठोर झाल्या असतील, पण मी त्यांवर ठाम आहे. नव्या केंद्राचा समन्वयक आणि किमान एक कार्यक्रम-प्रमुख यांचे तीन वर्षांचे पगार हाती असल्याशिवाय दार उघडू नये. स्वयंसेवकांपैकी निदान अर्धे त्याच भागात राहणारे किंवा काम करणारे असावेत. जवळच्या दोन-तीन शाळांतील शिक्षकांनी आराखडा कागदावर उतरण्याआधी त्यात हात घातलेला असावा. उद्घाटनाला पैसे देणारे पुष्कळ भेटतात, चौथ्या वर्षाचे वीजबिल भरायला कोणी पुढे येत नाही, ही धर्मादाय कामातील जुनी अडचण आपण माझ्याहून अधिक जवळून पाहिली असेल.

वाढ म्हणजे नवे शहर, असे समीकरण का मांडावे, हाही माझा प्रश्न आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या केंद्राने २०१६ मध्ये त्याच शहरातील टेंडरलॉइन भागात दुसरी जागा उघडली आणि २०१९ मध्ये मिशन बे भागात तिसरी. नकाशावर हे एकच शहर आहे, त्यामुळे आपल्या मोजणीत ही वाढ दिसणारच नाही. पण टेंडरलॉइनमधील आठ वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने मिशन डिस्ट्रिक्ट हे दुसरे गावच आहे, कारण संध्याकाळी त्याला तेथे घेऊन जायला आणि परत आणायला घरी कोणी मोकळे नसते. चालत जाता येईल अशा अंतरावर दार उघडले, तरच ते त्याच्यासाठी उघडलेले असते. जुन्या केंद्राचे अनुभवी लोक, त्याच शहरातील शाळांशी जुळलेले संबंध आणि ओळखीचे देणगीदार हे सर्व या दोन्ही जागांना पहिल्या दिवसापासून मिळाले. माझ्या मते पुढील दहा वर्षांची बहुतेक वाढ अशीच असावी.

दुकानांच्या आक्षेपात तथ्य आहे. व्हॅलेन्सिया रस्त्यावरील ८२६ क्रमांकाची ती जागा नगररचनेच्या नियमांनुसार विक्रीच्या व्यवसायासाठी राखीव होती, म्हणून काहीतरी विकणे भाग होते आणि त्यातून चाच्यांच्या सामानाचे दुकान निघाले. पुढे ब्रुकलिनमध्ये महानायकांचे, लॉस एंजेलिसमध्ये कालप्रवाशांचे, ॲन आर्बरमध्ये यंत्रमानवांचे अशी परंपराच पडली. या दुकानांनी केलेले एक काम मात्र पैशांत मांडता येणार नाही. ‘अभ्यासात मागे पडलेल्यांची शिकवणी’ अशी पाटी असलेल्या दारातून आत जाताना मुलाची मान खाली जाते, आणि चाच्यांच्या दुकानातून आत जाताना ती जात नाही. शिवाय कुतूहलाने आत आलेला वाटसरू मागच्या खोलीत मुले लिहिताना पाहतो आणि त्यातून स्वयंसेवक मिळतात. तरीही प्रत्येक नव्या गावाने दुकान थाटलेच पाहिजे, असे मला वाटत नाही. लेखक रॉडी डॉईल आणि शॉन लव्ह यांनी २००९ मध्ये डब्लिनमध्ये सुरू केलेल्या ‘फायटिंग वर्ड्स’ने सॅन फ्रान्सिस्कोपासून प्रेरणा घेतली, पण दुकान न घेता. लंडनच्या ‘मिनिस्ट्री ऑफ स्टोरीज’ने मात्र राक्षसांच्या सामानाचे दुकान आवर्जून काढले. ज्या त्या गावाने आपली जागा आणि भाडे पाहून ठरवावे. माझ्या लेखात मी दुकानाला आराखड्याचा आवश्यक भाग म्हटले होते, ते वाक्य मागे घेते.

सिॲटलविषयी माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. २०१४ मध्ये त्या केंद्राने ८२६ हे नाव सोडले आणि ‘ब्यूरो ऑफ फियरलेस आयडियाज’ हे नाव घेतले. आपल्याला यात जाळ्याचा पराभव दिसतो. मला असे दिसते, की नाव बदलल्यावरही सिॲटलच्या ग्रीनवुड भागातील मुले त्याच टेबलांशी येऊन लिहीत राहिली, कारण त्या कामाची मुळे तेथील माणसांत होती. मध्यवर्ती संस्थेचे काम प्रशिक्षण, शिक्षकांसाठी पाठांचे साहित्य, मूल्यमापनाच्या पद्धती आणि मोठ्या देणगीदारांपर्यंत पोहोच एवढे असावे. डब्लिन, लंडन, स्टॉकहोम आणि सिडनी येथील केंद्रांनी तर ८२६ हे नाव कधी घेतलेच नाही, तरी त्यांना त्याच कुळातील मानले जाते. आपल्या मोजणीत ती धरली, तर ‘दहाएक शहरे’ हा आकडाही बराच पुढे जाईल.

आपल्या प्रतिक्रियेतील एका मुद्द्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही आणि तो मी पूर्णपणे स्वीकारते. आपण लिहिले आहे, की संथ वाढीची किंमत प्रतीक्षायादीतील मुले मोजतात आणि त्यांचा हिशोब कोणी ठेवत नाही. हे खरे आहे. सावधपणाचा आग्रह धरणाऱ्या माझ्यासारखीने प्रत्येक केंद्राकडे दरवर्षी हेही मागितले पाहिजे, की किती मुलांना जागा नाही म्हणून परत पाठवले, ती कोणत्या शाळांतील होती आणि किती अंतरावरून आली होती. पुढची खोली कोठे उघडावी, हे त्या नोंदीवरून जितके नेमके कळेल तितके दुसऱ्या कशावरून कळणार नाही. मूळ लेखातील सूचनांमध्ये ही सूचना आपल्या श्रेयासह आज जोडत आहे.

आपण स्वतः पंधरा वर्षे वस्त्यांमध्ये वाचनवर्ग चालवल्याचा उल्लेख ओघात केला आहे. त्या वर्गांतील तरुण शिक्षिका किती काळ टिकत असत, आणि एखादी सोडून गेली तर तिची मुले कोण सांभाळत असे, हे कृपया सविस्तर लिहाल का? आपण लिहिलेत तर ते येथे स्वतंत्र लेख म्हणून प्रसिद्ध करण्याची माझी इच्छा आहे.