चिमण्या आणि मोबाइल टॉवर : एक खुलासा

‘टॉवरच्या लहरींमुळे चिमणी देशातून नामशेष होत आहे’ हा ठाण्यातील गृहसंकुलांच्या गटांवर फिरणारा संदेश वस्तुस्थितीला धरून नाही. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या २०२० च्या अहवालानुसार चिमण्यांची देशातील संख्या २५ वर्षांत साधारण स्थिर राहिली असून, मुंबईसारख्या महानगरांत मात्र ती घटली आहे. टॉवरला दोषी ठरवण्याइतका पुरावा मिळालेला नाही. पिल्लांना सुरुवातीला किडे-अळ्याच लागतात, हे महत्त्वाचे. नौपाड्यातील कौलारू घरांच्या वळचणी जाऊन सपाट भिंती आल्या, फरशीखाली माती गेली, तर चिमणीने घरटे कुठे बांधावे आणि चारा कुठून आणावा? टॉवरविरोधी अर्जावर सही करण्याआधी कुंपणालगतची झुडपे कीटकनाशकाच्या फवारणीतून वगळावीत, ही कळकळीची विनंती.